अप्पर खाली करा, भाऊ

अमरावती–अकोला महामार्गाचं नाव गिनेस बुकात आहे. जून २०२२ मध्ये या रस्त्यावर एका लेनचा सलग ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. आधीचा विक्रम कतारचा. तिथे पंचवीस किलोमीटरला दहा दिवस लागले होते. इथे सातशेवर माणसं रात्रंदिवस राबली आणि पाचव्या दिवशी काम उरकलं.

अभिमान वाटावा असं काम. आता त्याच रस्त्याने रात्री नऊनंतर बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे निघा.

रस्ता दिसतो?

रस्ता नाही, दिवे दिसतात. समोरचे, मागचे, आरशातले. पांढरे, निळसर, टपावर लावलेले, बंपरखाली लावलेले. ज्याच्यासाठी एवढं डांबर ओतलं तो रस्ता त्या झगमगाटात हरवून जातो.

पाच दिवसांत ७५ किलोमीटर करणाऱ्या मुलखात अप्परचा, म्हणजे वरच्या झोताचा, डिप्पर, म्हणजे खालचा झोत, करायला लागणारा अर्धा सेकंद कोणाकडेच कसा नाही?

कायदा नाही, असं कोणी म्हणू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातला नियम १०६ वाचा. समोरच्या माणसाचा डोळा कुठे असतो, हेसुद्धा त्यात मोजून लिहिलंय. दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर उंच. तिथला डोळा दिपणार नाही इतका झोत खाली वळलेला हवा.

जमिनीपासून दीड मीटरवर काय असतं? मोटारसायकल चालवणाऱ्याचं तोंड. रस्त्याच्या कडेने गावाकडे परतणाऱ्या मजूर बाईचं तोंड. नियम लिहिणाऱ्याला ते दिसलं. गाडी चालवणाऱ्याला दिसत नाही.

त्याच्या आधीचा नियम, १०५. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत दिवे लागलेलेच पाहिजेत, आणि पुढे १५५ मीटरवरचा माणूस किंवा वाहन स्पष्ट ओळखू आलं पाहिजे. म्हणजे कायद्याला दोन्ही हवंय. चालवणाऱ्याला लांबचं दिसावं आणि समोरच्याचे डोळे शाबूत राहावेत. म्हणून तर गाडीला दोन झोत दिलेत. एकच पुरला असता तर कंपनीने दुसऱ्याचा खर्च केला असता का?

म्हणून अप्परला सरसकट शिव्या घालणाऱ्यांनीही थांबावं. दर्यापूर–अंजनगाव रस्त्यावर रात्री अकरा वाजता पुढे कोणी नाही, समोरून कोणी नाही, आणि गाडी डिप्परवर ऐंशीने चाललीय, तर तो चालक सभ्य नाही. तो धोका पत्करतोय.

हिशेब साधा आहे. डिप्परमध्ये नीट दिसतं ते साधारण चाळीस-पन्नास मीटर. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद गेला, पुढे कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी पस्तीस-चाळीस मीटर. बेरीज साठ-सत्तर मीटरची.

दिसतं पन्नास मीटर, थांबायला लागतात साठ-सत्तर. मधल्या मीटरांत जे उभं असेल ते गेलं.

रिकाम्या, अंधाऱ्या रस्त्यावर अप्पर लावा. लावलाच पाहिजे. समोर दिवा दिसला की खाली. पुढच्या गाडीच्या मागे लागलात की खाली. गावात शिरलात की खाली. गाव सुटलं, रस्ता मोकळा झाला की परत वर. डाव्या-उजव्या हाताच्या बोटाचं हे काम आहे. गिअर बदलताना कोणी तक्रार करत नाही, मग या दांडीलाच हात लावायला काय होतं?

उत्तर तयार असतं. ढाब्यावर विचारून बघा.

"भाऊ, अप्पर काऊन मारून रायले?"

"समोरचा कमी करते का? मंग मीच काऊन करू?"

झालं. हा वऱ्हाडातला रात्रीच्या वाहतुकीचा अलिखित नियम. तो नाही तर मी पण नाही. समोरचा खाली करेना म्हणून आपणही वरच ठेवायचा, वर दोनदा चमकवून दाखवायचा, आणि तोही ऐकेना तर बंपरवरचे जादा दिवे पेटवायचे.

आणि मग?

मग समोरच्याला दिसेनासं होतं. दिसेनासा झालेला माणूस कुठे जाणार आहे? तुमच्याकडेच येतोय. त्याचा १५ टनांचा ट्रक तुमच्याच दिशेने येतोय आणि त्याचा चालक तुम्ही स्वतः आंधळा केलाय. दोघेही ८० ने येत असाल तर दोघांमधलं अंतर सेकंदाला ४४ मीटरने संपतं. बदला घ्यायची ही जागा आहे का?

झोत डोळ्यात गेला की डोळा लगेच सावरत नाही. अंधाराला सरावलेली नजर परत यायला काही सेकंद जातात. तीनच सेकंद धरा. ऐंशीच्या वेगात ते ६६ मीटर होतात. तेवढं अंतर गाडी नुसती जात असते, तिला कोणी चालवत नसतं.

हे तरुण डोळ्यांचं झालं. साठीतल्या डोळ्यात विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश आत पोहोचतो, आणि दिपल्यावर सावरायलाही त्याला जास्त वेळ लागतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा दिवा फुटून सगळ्या काचेवर पसरतो. लेकीच्या सासरहून लग्न आटोपून रात्री परत निघालेले काका असेच डोळे घेऊन गाडी चालवत असतात. त्यांच्यावर कोण अप्पर मारतं? त्यांच्या पोराच्या वयाचा कोणीतरी.

समोरून कोणी खाली करतच नसेल तर काय करायचं? दिव्याकडे बघायचंच नाही. वेग कमी करायचा, नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची आणि ती गाडी जाऊ द्यायची. मागचा त्रास देत असेल तर आतला आरसा खालच्या खटक्याने कलता करायचा. तो खटका त्याचसाठी दिलाय. वर्षानुवर्षे गाडी चालवूनही अनेकांना तो माहीत नाही.

चौपदरी रस्त्यावर दुभाजक आहे, मग अप्परने काय बिघडतं, असंही विचारलं जातं. बिघडतं. दुभाजकात कण्हेर, बोगनवेल लावतात ती काही नुसत्या शोभेसाठी नाही. समोरचा झोत अडावा हाही हेतू असतो. झाड जिथे वाळलं, जिथे कधी लागलंच नाही, जिथे गावासाठी दुभाजक तोडून कट दिलाय, तिथून झोत आरपार येतो. ट्रकचा चालक तर झाडाच्या वर बसलेला असतो. आणि राँग साइडने येणारी मोटारसायकल? तिच्यासाठी दुभाजक नसतोच.

आता बाजारात चला.

अमरावती असो की अकोला, गाड्यांचं सामान विकणाऱ्या कुठल्याही गल्लीत उभे राहा. कंपनीचा बल्ब मिणमिणता आहे, हे दुकानदार पहिल्या वाक्यात सांगतो. दुसऱ्या वाक्यात एलईडी काढतो.

"काका, हे लावून घ्या. दिवस उगवल्यावानी दिसते."

कोणाला दिसते, हे काका विचारत नाहीत.

बल्बच्या पोटात काय असतं ते एकदा बघा. आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या मोटारी, जीप, पिकअप यांत बहुधा एच-फोर जातीचा बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. आत दोन तारा. अप्परची ६० वॅटची, डिप्परची ५५ ची. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी बसवलेली असते. तारेतून खाली जाणारा प्रकाश ती वाटी अडवते, कारण तोच प्रकाश मागच्या चकचकीत परावर्तकावर आपटून वर उसळला असता. समोरच्याचे डोळे राखायची सगळी करामत त्या वाटीत आहे. एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवायची युक्ती १९२० च्या दशकातली आहे. हा एच-फोर १९७१ चा. ही समस्या आपल्या आजोबांच्या काळात सुटली होती.

आपण ती परत निर्माण केली.

कशी? परावर्तकाची खोलगट वाटी त्या मूळ तारेच्या जागेवरून आखलेली असते. तार एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी झोत बिघडतो. तिथे तुम्ही स्वस्तातला एलईडी किंवा एचआयडी खुपसला. प्रकाश निघायची जागाच बदलली. मग डिप्परवर टाका नाहीतर अप्परवर, प्रकाश चारी दिशांना फेकला जातो. चालवणाऱ्याला गाडीच्या पुढ्यात दहा-पंधरा मीटर लख्ख दिसतं म्हणून तो खूश. लांबचं मात्र आधीपेक्षा कमी दिसतं, कारण जवळच्या लखलखाटाला सरावलेला डोळा दूरच्या अंधारात काही शोधू शकत नाही.

पैसे मोजून कमी दिसायची सोय केली. समोरच्याचे डोळे घालवले ते वेगळेच.

दुसरा प्रकार शंभर-नव्वद वॅटच्या बल्बचा. मूळ ६०/५५ साठी आखलेल्या वायरीत आणि होल्डरमध्ये दीडपटीहून जास्त वॅटचा बल्ब. होल्डर वितळतो, परावर्तकाचा मुलामा काळवंडतो, आणि वर्षभरात दिवा कंपनीच्या बल्बपेक्षाही मंद होतो. मग त्याहून मोठा बल्ब शोधायला माणूस त्याच गल्लीत परत येतो.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो. म्हणून आपल्या डिप्परचा झोत उजवीकडे सपाट कापलेला असतो आणि डाव्या कडेला थोडा वर चढतो. कडेचा माणूस, कडेची सायकल, कडेचा दगड दिसावा यासाठी. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनलेला दिवा आणून बसवला, तर तो चढ नेमका समोरच्याच्या डोळ्यात जातो. खोक्यावर किती ल्युमेन लिहिलंय ते सगळे बघतात. दिवा कुठल्या बाजूच्या रस्त्यासाठी आहे ते कोण बघतं?

टपावरच्या आणि बंपरवरच्या एलईडी पट्ट्यांची गोष्ट तर एका ओळीत संपते. गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला नियम १११ ने मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत, तेही नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन, लावता येतो. लग्नाच्या वरातीला जाणं ही अपवादात्मक परिस्थिती नव्हे.

मूळ रचनेत बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १८२-अ लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कागदावर जरब आहे. अमरावतीच्या एमएच-२७ आणि अकोल्याच्या एमएच-३० च्या किती गाड्यांनी ती अनुभवली?

गाडीत आधीच दिलेलं एक बटण मात्र फुकट आहे, आणि त्याला कोणी हात लावत नाही. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, खाली, छोटी चकती असते. ०, १, २, ३. गाडीत एकटे असाल तर शून्य. मागच्या सीटवर तिघे आणि डिकीत शेगावच्या प्रसादापासून आजीच्या गाठोड्यापर्यंत सगळं भरलं, की मागचा भाग बसतो, पुढचा उचलतो आणि डिप्परही अप्परसारखा वर जातो. तेव्हा ती चकती २ वर न्यायची, फारच ओझं असेल तर ३ वर. झोत परत खाली येतो. डिप्परवर असूनही समोरचा आपल्याला का चमकवतोय, हे ज्यांना कळत नाही त्यांनी आधी डिकी बघावी.

दिव्याची काच? ती काच नसतेच आता, प्लॅस्टिक असतं. आपल्या उन्हात ते पिवळं पडतं. मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आणि गाडी दिवसभर त्याच उन्हात तोंड करून उभी असते. पाच-सात वर्षांत दिव्यावर पिवळी साय धरते. प्रकाश आतच विखुरतो. चालवणाऱ्याला कमी दिसतं, समोरच्याला जास्त टोचतं. मेकॅनिक ते घासून, पॉलिश करून देतो. नव्या एलईडीपेक्षा हे आधी करा. पुढची काचही आतून पुसा. बाहेरून सगळे पुसतात. आतून जमलेला धुरकट थर समोरच्या प्रत्येक दिव्याचा फुलबाजा करतो.

आता एका दिव्याच्या गाड्या. मोटारसायकल समजून तुम्ही शेजारून जायला निघता आणि ती निघते जीप. उजवा दिवा गेलेला, डावा चालू. एक बल्ब बदलायचा आळस, आणि रस्त्यावर गाडीची रुंदी खोटी सांगितली जाते. काळी-पिवळीत बारा माणसं कोंबताना दिव्याचा बल्ब कोणाच्या खर्चात बसत नाही?

ट्रॅक्टरचं प्रकरण याहून वाईट. नांगरताना मागचं दिसावं म्हणून ट्रॅक्टरला मागे पांढरा फोकस असतो. शेतात तो हवाच. पण शेतातून डांबरीवर आल्यावर तो बंद करायचा राहतो. मागून येणाऱ्याला वाटतं समोरून गाडी येतेय. तो डावीकडे दबतो, आणि डावीकडेच ट्रॉली असते, लाल दिवा नसलेली.

कापसाच्या दिवसांत हे रोज घडू शकतं. ऑक्टोबरपासून पुढे रात्री-बेरात्री कापूस भरलेल्या ट्रॉल्या, छोटा हत्ती, पिकअप आणि अजूनही काही बैलगाड्या जिनिंगच्या आणि बाजार समितीच्या वाटेवर असतात. ट्रॉलीवर ताडपत्री, ताडपत्रीबाहेर फुगलेला कापूस, आणि या सगळ्याखाली झाकून गेलेले मागचे दिवे. असलेच तर. समोरून एक अप्परवाला येतो, तुमचे डोळे दिपतात, आणि तीन सेकंदांनी तुमच्या पुढे ट्रॉलीचा फाळका असतो.

यात शेतकऱ्याला दोष देऊन हात झटकणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. दिवसभर वेचणी, संध्याकाळी भराई, सकाळी काट्यावर नंबर लागावा म्हणून रात्रीच निघणं. त्याच्याकडे पर्याय काय असतो? पण रेडियमची लाल पट्टी तरी लागायला हवी, आणि ती लावणं त्याच्या एकट्यावर सोडू नये. हंगामात प्रत्येक ट्रॉली आणि प्रत्येक गाडी बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या फाटकातून जाते. तिथेच पट्टी लावा. पावती फाडताना वही हाताशी असतेच, शेजारी रेडियमची गुंडाळी ठेवायला काय हरकत आहे? बैलगाडीच्या जुवाला, साट्याला, चाकाच्या पाटीलाही लावा. बैलगाडी मोटार वाहन कायद्यात येत नाही. अपघातात मात्र येते.

बंद पडलेला ट्रक रस्त्यातच उभा, मागे दगड आणि बाभळीची फांदी. हे चित्र वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. फांदीला उजेड नसतो. परावर्तक त्रिकोण गाडीत ठेवायचा असतो आणि गाडीपासून भरपूर लांब मागे मांडायचा असतो, गाडीला टेकवून नाही.

पायी चालणाऱ्यांचं काय? दोन बाजूंनी दोन गाड्या अप्परवर येत असतील, तर त्यांच्या मधोमध असलेला माणूस दोन्ही चालकांना दिसत नाही. प्रकाश भरपूर असतो, आणि माणूस त्यातच गायब होतो. हे डोळ्यांचं शास्त्र आहे, नशीब नव्हे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारसाठी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन हजारो कावडधारी रात्रभर चालत अकोल्याच्या राजराजेश्वराला येतात. त्या रात्री पोलीस असतात, बंदोबस्त असतो. प्रकटदिनाच्या आगेमागे शेगावच्या वाटेवर दिंड्या असतात, तेव्हाही थोडंफार लक्ष असतं. उरलेल्या रात्री त्याच रस्त्याने शेतमजूर चालतो, रखवाली करून परतणारा चालतो. त्याच्यापुढे ना पताका, ना पोलीस.

मेळघाटात तर चालकाने स्वतःच पोलीस व्हायचं असतं. परतवाड्याच्या पुढे घाट लागला, सेमाडोह, हरिसाल आलं, की समोर रोही, रानडुक्कर, भेकर काहीही येऊ शकतं. अप्परच्या झोतात जनावर पळत नाही, जागीच थिजतं. तेव्हा दिवा खाली करा, वेग उतरवा, थांबा. हॉर्नवर हात ठेवून भागत नाही. हा १९७४ पासूनचा व्याघ्र प्रकल्प आहे. रस्ता त्यांच्या घरातून जातो.

चिखलदऱ्याला पावसाळ्यात धुकं उतरतं. पर्यटक काय करतात? अप्पर लावतात. धुक्यात अप्पर लावला की तो प्रकाश थेंबांवर आपटून परत तुमच्याच डोळ्यात येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. डिप्परच ठेवा, खाली बसवलेले फॉग लॅम्प असतील तर ते लावा, हळू चला. आणि चारही इंडिकेटर लुकलुकवत गाडी हाकू नका. ते थांबलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीत लावले की तुम्ही वळताय, थांबलाय की चाललाय, हे मागच्याला कळत नाही. दरीच्या कडेला त्याने अंदाज कशावर बांधायचा?

मध्यरात्रीच धोका असतो, हाही गैरसमज. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत संध्याकाळी सहा ते नऊ हा पट्टा वर्षानुवर्षे सगळ्यात वाईट ठरतो. दिवसातल्या सुमारे एक-पंचमांश अपघातांची नोंद या तीन तासांत होते. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. सहा ते नऊला गर्दी असते हे खरं. पण उजेड जातोय आणि अंधार पुरता पडलेला नाही, अशीच ती वेळ असते. अर्ध्या गाड्यांचे दिवे बंद, काहींचे नुसते पार्किंग लाइट, काहींचे थेट अप्पर. दिवे लावले तर बॅटरी उतरते, असं सांगणारे अजून भेटतात. इंजिन चालू असताना?

दुचाकींचा हेडलाइट १ एप्रिल २०१७ पासून बनलेल्या नव्या गाड्यांत इंजिनबरोबर आपोआप लागतो. चांगला निर्णय. पण तो दिवा डिप्परवर ठेवायचा हे सांगायला कोणी गेलं नाही. अमरावतीच्या राजकमल चौकात भर उजेडात अप्परवर फिरणाऱ्या दुचाकी तेव्हापासून दिसतात. रात्री त्याच अप्परने राजापेठेपर्यंत जातात. शहरात रस्त्यावर दिवे आहेत. अप्पर कशाला लागतो?

हे सगळं तपासायचं कोणी?

लायसन्सची चाचणी कार्यालयीन वेळेत, लख्ख उन्हात होते. मैदानावर आठ काढा, रिव्हर्स घ्या, झालं. रात्री गाडी कशी चालवता हे आयुष्यात एकदाही कोणी बघत नाही. पीयूसीवाला धूर मोजतो. दिव्याचा झोत मोजायचं यंत्र व्यावसायिक वाहनांच्या फिटनेसच्या वेळी तरी समोर येतं, घरच्या मोटारीला पंधरा वर्षे कोणी विचारत नाही. वाहतूक पोलीस हेल्मेट, सीट बेल्ट, नंबरप्लेट बघतात आणि दिवस मावळला की चौकी सोडतात. डोळे दिपवायची वेळ सुरू होते तेव्हा दिपवणाऱ्याला पकडणारा घरी गेलेला असतो.

नियम मोडल्याचा कलम १७७ चा दंड पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडला तर १,५००. हे कलम अंधारातही चालतं. टोलनाक्यावर प्रत्येक गाडीचा वेग आपोआप उतरतो, लेनमध्ये ती सरळ रांगेत येते. तिथे लेनच्या पुढे आठ मीटरवर एक पांढरी पाटी उभी करा, दीड मीटर उंचीवर लाल रेघ ओढा. डिप्पर लावून उभ्या गाडीचा झोत रेघेच्या वर गेला की गाडी बाजूला घ्या. खर्च पाटीचा आणि रंगाचा. आठवड्यातून दोन रात्री केलं तरी महिनाभरात बातमी ढाब्याढाब्यांवर पोहोचेल. आरटीओ आणि महामार्ग पोलीस दोघांनाही हे करता येतं. बंपरवरची पट्टी तिथल्या तिथे काढून घ्या. रेडियमची गुंडाळी इथेही ठेवा.

राज्याने २०१५ मध्ये ट्रकच्या मागचं 'हॉर्न ओके प्लीज' पुसायला लावलं. हॉर्नला निमंत्रण नको म्हणून. ठीकच. त्याच फाळक्यावर शेजारी 'यूज डिप्पर ॲट नाइट' असतं, तेही मराठीत, ठळक, सगळ्यांना वाचता येईल असं लिहून घ्या. आणि ट्रक मालकांनी आपल्या ड्रायव्हरला ते पाळायला सांगावं. ट्रकवाल्यांमध्ये डिप्पर देण्याघेण्याची रीत अजून बऱ्यापैकी टिकून आहे. रात्रीच्या रस्त्याचा अनुभव असलेला माणूस समोरच्याची किंमत जाणतो. ती रीत बिघडवलीय ती बहुतेक नव्या, महागड्या, उंच गाड्यांनी. त्यांचे दिवे ताकदवान आणि जमिनीपासून वर. ज्याच्याकडे जास्त उजेड, त्याने जास्त सांभाळायला नको का?

दसऱ्याला गाडी धुवाल. झेंडूचा हार घालाल, लिंबू ठेवाल. हार दिव्यावर लोंबणार नाही एवढं बघा. त्याच संध्याकाळी गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून आठ मीटरवर उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर, चकती शून्यावर, आत चालकाच्या वजनाचा एक माणूस. भिंतीवर दिव्याच्या मध्याइतक्या उंचीला खडूने आडवी रेघ मारा आणि डिप्पर लावा. उजेडाची वरची कडा रेघेच्या आठ-दहा सेंटिमीटर खाली पडायला हवी. वर पडत असेल, किंवा कडाच दिसत नसेल आणि सगळी भिंत उजळत असेल, तर दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे जा. दिव्याच्या मागे स्क्रू असतो, तो फिरवून झोत खाली घेता येतो. कडाच नसेल तर बल्ब बदला, मूळचा घाला. पाचेक मिनिटांचं काम आहे, आणि दसऱ्यानंतर कापसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात.